वसाहतोत्तर साहित्यावर पीएच.डी. करायचीय, पण विषयच परत आला

«एम.ए. होऊन चार वर्षं झाली. पूर्ण वेळ नोकरी करते. 'वसाहतोत्तर कादंबरीतील अस्मिता, विस्थापन आणि संकरितता' असा विषय घेऊन संशोधन आराखडा दिला होता, तो समितीनं परत पाठवला. 'विषय फार व्यापक, यात नवे काय?' एवढाच शेरा. एका ज्येष्ठ अभ्यासकांनी तर सांगितलं की या क्षेत्रात आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. मला नायजेरियाचे चिनुआ अचेबे, केनियाचे न्गुगी वा थिओंगो आणि कॅरिबियन लेखक मनापासून आवडतात. मी हा नाद सोडावा का? नाही सोडायचा, तर नेमकं काय करू?» — एक वाचक

नाद सोडायची गरज नाही. आराखडा मात्र नव्यानं लिहावा लागेल, आणि तो आधीच्यापेक्षा खूपच अरुंद करावा लागेल.

समितीचा शेरा त्रोटक आहे, पण चुकीचा नाही. तुमच्या शीर्षकात 'वसाहतोत्तर कादंबरी'च्या (ढोबळमानानं, युरोपियन सत्तेची वसाहत राहिलेल्या देशांतल्या कादंबरीच्या) जागी कुठल्याही लेखकाचं नाव घालून बघा. केनियातला, त्रिनिदादचा, कुठलाही. वाक्य कुठेच अडत नाही. अस्मिता, विस्थापन आणि संकरितता (म्हणजे संस्कृतींची सरमिसळ) हे शब्द शेकडो पुस्तकांना सारखेच लागू पडतात, म्हणून त्यांतून एकाही पुस्तकाबद्दल काही हाती लागत नाही. असं शीर्षक वाचताना परीक्षकाला पुढची तीनशे पानं आधीच दिसतात. पहिलं प्रकरण सिद्धान्ताचं, मग एकेका कादंबरीचं कथानक, मधूनमधून संकरिततेचे सिद्धान्तकार होमी भाभांचं अवतरण आणि शेवटी 'अशा प्रकारे दिसून येते की'.

ज्येष्ठ अभ्यासक म्हणाले ते या प्रकारच्या कामापुरतं खरं आहे. साचा आधी घ्यायचा आणि कादंबरी त्यात बसवायची, हे काम खरोखरच संपलंय. पण या कादंबऱ्या घडल्या कशा, कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत आल्या, कुणी छापल्या, पैसा कुणाचा होता, संपादकानं काय कापलं, शाळेत कुणी लावल्या, लेखकानं नंतर स्वतःच काय बदललं? हे काम भरपूर पडून आहे. त्यासाठी पुस्तकं हातात घेऊन बसणारी माणसं हवी आहेत.

न्गुगी वा थिओंगो आवडतात ना, मग तिथूनच सुरू करा. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरची त्यांची कादंबरी 'अ ग्रेन ऑफ व्हीट' १९६७ साली आली. तुमच्याकडची प्रत काढा आणि शीर्षकपानामागचा मुद्रणतपशील बघा. ती १९८०च्या दशकातल्या सुधारित आवृत्तीची असण्याची शक्यता बरीच आहे, आणि या दोन संहिता एक नाहीत. पहिल्या आवृत्तीत लढ्यासाठी 'पार्टी' हा शब्द आहे, तिथे सुधारित आवृत्तीत 'मूव्हमेंट' आलंय. डॉ. लिंड या गोऱ्या स्त्रीवर बलात्कार होतो तो भाग लेखकानं नंतर काढून टाकलाय. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा केनिया स्वतंत्र होऊन चारच वर्षं झाली होती. सुधारित आवृत्ती येईपर्यंत लेखक डिसेंबर १९७७ ते डिसेंबर १९७८ असं वर्षभर, खटला न चालवता, तुरुंगात राहून आला होता. १९८२पासून तो देशाबाहेर होता आणि कादंबऱ्या गिकुयू या मातृभाषेत लिहू लागला होता. स्वतंत्र देशात सत्तेवर बसलेल्या 'पार्टी'चा अनुभव घेतल्यावर लढ्यासाठी तोच शब्द का नकोसा वाटावा, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. त्याला उत्तर देता देता अस्मिताही येईल आणि विस्थापनही, फक्त ते पुरावा घेऊन येतील.

हे काम करायची रीत साधी आहे आणि कंटाळवाणी आहे. दोन्ही आवृत्त्या समोर उघड्या ठेवा. वहीत चार रकाने आखा: पान आणि ओळ, जुना मजकूर, नवा मजकूर, बदलाचा प्रकार. प्रकार म्हणजे शब्द बदलला, नाव बदललं, वाक्य गाळलं, प्रसंग फिरवला, एवढेच चार-पाच ठेवा. तासाला आठ-दहा पानांच्या वर जाऊ नका. वाचून थकलेला मेंदू दोन ओळी आपोआप सारख्या करून टाकतो आणि बदल डोळ्यांसमोरून निसटतो. म्हणून पहिल्या फेरीत जुनी प्रत आधी वाचली असेल, तर दुसऱ्या फेरीत नवी आधी वाचायची. एक प्रकरण झालं की चौथा रकाना मोजा. एकाच प्रकारचे बदल एकाच पात्राभोवती किंवा एकाच विषयाभोवती गोळा झालेले दिसले, की तुमच्या पहिल्या शोधनिबंधाचा गाभा हाती आला.

याच ठिकाणी एक चूक सहज होते. मजकूर सुधारित आवृत्तीतला उद्धृत करायचा आणि त्यापुढे साल १९६७ लिहायचं, मग 'स्वातंत्र्यानंतर लगेचच लेखकाला असे वाटत होते' असा निष्कर्ष काढायचा. तो निष्कर्ष जागच्या जागी कोसळतो. कॅरिबियन लेखकांतही हे सांभाळावं लागतं. मार्टिनिक बेटावरचा फ्रेंच भाषेतला कवी एमे सेझेर, त्याची मायभूमीला परतण्यावरची दीर्घ कविता १९३९ साली एका नियतकालिकात आली, १९४७मध्ये वाढवलेल्या रूपात पुस्तक झाली आणि १९५६मध्ये पुन्हा बदलली. भाषांतर हातात घेतलं तर ते यातल्या कुठल्या रूपाचं आहे, हे भाषांतरकाराच्या टिपणात शोधल्याशिवाय एक ओळही उद्धृत करू नका.

आता विषय कसा ठरवायचा. लेखक किंवा संस्था, कालखंड आणि सामग्री, हे तीन खुंटे ठोका. प्रबंधाला दोन ते चार मुख्य पुस्तकं पुरतात, कालखंड दहा ते वीस वर्षांचा असावा आणि सामग्रीत पुस्तकांखेरीज आणखी एक गोष्ट हवी: पत्रव्यवहार, मासिकाचे अंक, आकाशवाणीच्या संहिता किंवा पाठ्यक्रम. प्रश्न 'का' किंवा 'कसं' या शब्दानं सुरू व्हावा. 'अमुक कादंबरीत वसाहतवादाचे चित्रण' हा प्रश्न होत नाही, कारण त्याचं उत्तर 'आहे' एवढंच निघतं.

तुमच्या आवडीतूनच दोन विषय सुचवते. हाइनमान या प्रकाशनसंस्थेची 'आफ्रिकन रायटर्स सीरीज' १९६२ साली सुरू झाली, अचेबेच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'च्या स्वस्त आवृत्तीपासून, आणि पहिली दहा वर्षं अचेबेच तिचे संपादक होते. ही संस्था मुळात पाठ्यपुस्तकं विकणारी होती आणि मालिकेची बाजारपेठ मोठ्या प्रमाणात आफ्रिकेतल्या शाळांमध्येच होती. शाळेत लागण्याची शक्यता कादंबरीच्या लांबीवर, भाषेवर आणि शृंगाराच्या प्रसंगांवर काय परिणाम करत होती, हे १९६२ ते १९७२ या काळातल्या तीन पुस्तकांवरून तपासता येतं. दुसरा विषय कॅरिबियन. लंडनहून बीबीसीवर १९४३ ते १९५८ या काळात 'कॅरिबियन व्हॉइसेस' हा कार्यक्रम चालला. कॅरिबियन बेटांवरून कथा आणि कविता लंडनला जात, तिथे निवडल्या जात आणि पुन्हा बेटांवर ऐकू येत. लेखकाला मानधन मिळत असे, आणि ते अनेकांना मोलाचं वाटे. मोठ्यानं वाचण्यासाठी, ठरावीक मिनिटांत बसेल अशा बेतानं लिहिलेली कथा पुढे पुस्तकात येताना कशी बदलली? सॅम्युएल सेल्वन किंवा जॉर्ज लॅमिंग यांच्यापैकी एकच लेखक घेतला, तरी प्रबंध उभा राहतो.

'वसाहतोत्तर' हा शब्दही एकदा नीट तपासून घ्या, कारण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो. 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ची आणि नायजेरिया स्वतंत्र झाला १९६०मध्ये. म्हणजे सगळे जिला वसाहतोत्तर कादंबरीचा पाया म्हणतात, ती वसाहत असतानाच लिहिली आणि छापली गेली. त्यामुळे 'उत्तर' म्हणजे 'नंतर' एवढाच अर्थ धरून चालत नाही. तो कालावधी आहे, दृष्टिकोन आहे की विद्यापीठातला एक कप्पा आहे, हे तुमच्या कामापुरतं एका परिच्छेदात सांगा आणि शेवटपर्यंत तोच अर्थ पाळा. या शब्दावर अॅन मॅक्लिंटॉक आणि एला शोहात यांनी १९९२मध्ये घेतलेले आक्षेप वाचा. त्याच वर्षी आलेलं एजाझ अहमद यांचं टीकात्मक पुस्तकही वाचा. विरोधकांना वाचलं नसेल तर परीक्षकाच्या ते दोन मिनिटांत लक्षात येतं.

सिद्धान्त वाचायचाच, पण त्याची वेळ चुकवू नका. आधी तुमची मुख्य पुस्तकं दोनदा वाचून होऊ द्या. मग फ्रान्झ फॅननचं 'द रेचेड ऑफ द अर्थ' (१९६१), एडवर्ड सैदचं 'ओरिएंटलिझम' (१९७८), गायत्री स्पिवाकचा 'कॅन द सबाल्टर्न स्पीक?' हा दीर्घ निबंध (१९८८) आणि भाभांचं 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४), हे मुळातून आणि पूर्ण वाचा. निवडक उताऱ्यांच्या संकलनांवर काम भागवलं की एक तोटा हमखास होतो: लेखकानं स्वतःच घातलेल्या मर्यादा उताऱ्याबाहेर राहतात. सैद कुठल्या देशांबद्दल आणि कुठल्या काळाबद्दल बोलतोय हे तो प्रस्तावनेत सांगतो, आणि तेच लक्षात न घेता त्याचं विधान दुसऱ्या खंडावर डकवलं जातं. प्रबंधात सिद्धान्ताचं वेगळं पहिलं प्रकरण ठेवू नका. जिथे पुरावा अडतो, तिथेच तो सिद्धान्त कामाला लावा. तिथे तो उजेड पाडत नसेल तर तो गाळायची हिंमत ठेवा.

भाषेबद्दल स्पष्टच सांगायला हवं. फक्त इंग्रजीवर या क्षेत्रात आयुष्यभराचं काम होणं कठीण आहे. फ्रेंच वाचण्यापुरती शिकायला रोज चाळीस मिनिटं धरली तर सव्वा ते दीड वर्ष लागतं. बोलता आली नाही तरी चालतं. तेवढ्यात सेझेर आणि फॅनन मुळातून कोशाच्या मदतीनं वाचता येतात. न्गुगींच्या नंतरच्या कादंबऱ्यांवर लिहायचं आणि गिकुयू येत नाही, अशी स्थिती असेल तर ती मर्यादा आराखड्यातच लिहा. 'लेखकाने स्वतः केलेल्या इंग्रजी भाषांतराचा अभ्यास' असा विषय प्रामाणिक आहे आणि चांगलाही आहे. कॅरिबियन इंग्रजीला मात्र मोडकं इंग्रजी समजू नका. तिला स्वतःचं व्याकरण आहे. कॅसिडी आणि ल पेज यांचा जमैकन इंग्रजीचा कोश १९६७चा, ऑल्सपचा कॅरिबियन वापराचा कोश १९९६चा. हे दोन्ही हाताशी हवेत. जो शब्द तुम्हाला चुकीच्या स्पेलिंगचा वाटतो, तो बरेचदा निराळाच शब्द असतो आणि त्याचा अर्थही निराळा असतो.

अभिलेखागाराची, म्हणजे जुने कागद जपून ठेवणाऱ्या संग्रहाची, भीती वाटणं साहजिक आहे, कारण कागद लांब आहेत. आफ्रिकन मालिकेची प्रकाशनाची दप्तरं इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात आहेत, अचेबेंचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, दक्षिण आफ्रिकेतले कादंबरीकार कोएट्झींचे टेक्ससमध्ये ऑस्टिनला. कॅरिबियन कवी डेरेक वॉलकॉट यांचे बरेच कागद मात्र त्रिनिदादमधल्या विद्यापीठात, म्हणजे कॅरिबियनमध्येच आहेत. ज्यांच्या साहित्यावर हे क्षेत्र उभं आहे, त्यांच्याच देशांतल्या अभ्यासकांना कागद बघायला व्हिसा काढावा लागतो, हा अन्याय आहे आणि तो प्रबंधात लिहिण्याजोगा आहे. तरीही घरबसल्या बरंच होतं. प्रत्येक संग्रहाची वर्णनसूची बहुधा संकेतस्थळावर मोफत असते. ती आधी पूर्ण वाचा, पेटी आणि फाइल यांचे क्रमांक उतरवा आणि मगच अभिलेखपालांना पत्र लिहा. 'अचेबेंबद्दल तुमच्याकडे काय आहे?' असं विचारलं तर सूचीचा दुवा मिळेल, बाकी काही नाही. 'अमुक पेटी, अमुक फाइल, १९६६ सालचा पत्रव्यवहार, साधारण किती पानं आहे आणि स्कॅन मिळेल का?' असं विचारलं तर उत्तर नेमकं येतं. स्कॅनला पैसे पडतात आणि पानांची मर्यादा असते, म्हणून आधी एकच फाइल मागवा.

प्रत्यक्ष जाता आलं तर फोटो काढण्याची शिस्त पाळा. प्रत्येक फाइलचा पहिला फोटो तिच्या लेबलचा, मग पानं क्रमानं, मागची बाजू कोरी असली तरी तीही. त्याच संध्याकाळी पेटी-फाइल-क्रम असं नाव देऊन साठवा. दोन महिन्यांनी चारशे फोटोंतलं एक सुंदर पत्र कुठल्या फाइलचं ते कळत नाही, आणि क्रमांकाशिवाय ते उद्धृत करता येत नाही. आणखी एक गोष्ट फार उशिरा कळते: पत्र बघायची परवानगी म्हणजे ते छापायची परवानगी नव्हे. पत्राचा लेखनहक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. ते ज्याला आलं त्याचा नाही, ग्रंथालयाचाही नाही. वारस शोधून उत्तर यायला महिनोन्‌महिने जातात, म्हणून प्रकरणाचा कच्चा खर्डा तयार होताच विनंती पाठवा.

जाणं जमतच नसेल तर मासिकांकडे वळा. पॅरिसचं 'प्रेझाँस आफ्रिकेन' १९४७पासूनचं, इबादानचं 'ब्लॅक ऑर्फियस' १९५७पासूनचं, कंपालाचं 'ट्रान्झिशन' १९६१पासूनचं. अनेक जुने अंक आता डिजिटल रूपात वाचता येतात. 'डिजिटल लायब्ररी ऑफ द कॅरिबियन'वर कॅरिबियन वृत्तपत्रं आणि नियतकालिकं मोफत आहेत. मासिक वाचताना फक्त आपल्या लेखकाची कथा काढून घेऊ नका. अंक सबंध वाचा: जाहिराती, वाचकांची पत्रं, संपादकीय, शेजारी काय छापलंय ते. 'ट्रान्झिशन' आणि 'ब्लॅक ऑर्फियस' या दोघांनाही 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम'कडून पैसे मिळत होते, आणि त्या संस्थेमागे अमेरिकन गुप्तहेर संघटना होती, हे १९६६-६७मध्ये उघड झालं. म्हणजे तिथले लेखक विकले गेले होते असं अजिबात होत नाही. काय छापलं गेलं, काय नाही आणि संपादकानं कुणाचं ऐकलं नाही, हे अंक हातात घेऊनच ठरवता येतं. असं काम घाईत होत नाही.

शोधनिबंधाबद्दल थोडक्यात. सहा ते आठ हजार शब्द, दावा एकच, आणि तो पहिल्या दोन पानांत आलेला. कथानक सांगायला दीडशे शब्दांहून जास्त देऊ नका. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवा. परीक्षकांचे अभिप्राय यायला तीन ते सहा महिने, कधी जास्तही लागतात. सुधारून पाठवा असं उत्तर आलं तर ती चांगली बातमी आहे. परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा, त्यावर तुम्ही केलेला बदल आणि पान क्रमांक असा तक्ता सोबत जोडा. एखादा मुद्दा मान्य नसेल तर तिथेच कारण द्या, गप्प बसून टाळू नका. आठवड्यात स्वीकृती, परीक्षणाआधी पैशांची मागणी आणि एकाच अंकात साहित्यापासून रसायनशास्त्रापर्यंत सगळं असलेली नियतकालिकं टाळा. तिथे छापलेला लेख पुढे मुलाखतीत तुमच्या विरोधात जातो.

नोकरीचं चित्र अवघड आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. निव्वळ 'वसाहतोत्तर साहित्य' अशी जागा क्वचितच निघते. म्हणून दुसरं एक क्षेत्र पहिल्यापासून सोबत वाढवा: भाषांतर, ग्रंथेतिहास (पुस्तकं कशी छापली, विकली आणि वाचली गेली याचा अभ्यास), नाटक, एकोणिसाव्या शतकातलं साहित्य, यांपैकी जे तुमच्या सामग्रीशी जुळेल ते. वर सांगितलेला प्रकाशनसंस्थेचा विषय घेतला तर ग्रंथेतिहास आपोआपच येतो. अर्जासोबत स्वतः तयार केलेला एक अभ्यासक्रम ठेवा, बारा ते चौदा आठवड्यांचा, दर आठवड्याला किती पानं वाचायची ते मोजून. तो करताना नैरोबीतलं १९६८चं टिपण जरूर वाचा. न्गुगी, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि तबान लो लियाँग यांनी इंग्रजी विभागच बंद करावा आणि आफ्रिकन साहित्य केंद्रस्थानी ठेवून बाकीची साहित्यं त्याच्याभोवती मांडावीत, असं त्यात सुचवलं होतं. अभ्यासक्रमाचा केंद्रबिंदू कोणता, हा प्रश्न मुलाखतीत तुम्हालाही विचारला जाईल. प्रबंधाचं पुस्तक करायचं असेल तर पूर्वसंशोधनाचं प्रकरण जवळजवळ सगळं काढावं लागतं आणि त्यात आणखी दोन-तीन वर्षं जातात, हेही हिशेबात धरा.

नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास निघाले तरी काम पुढे सरकतं, अट एवढीच की त्यातला एक पट्टा सलग चार तासांचा असावा. आवृत्त्यांची तुलना आणि टिपणं तुकड्यातुकड्यांत होतात, प्रकरण लिहिणं होत नाही. उठताना वहीत उद्याचं पहिलं वाक्य लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या बैठकीचा पहिला तास मागचं आठवण्यातच जातो.

पुन्हा आराखडा देण्याआधी तुमच्या आवडीच्या एका कादंबरीच्या एका प्रकरणाची चार रकान्यांची तुलना पूर्ण करा. त्यावरून एक पान लिहा: कुठली पुस्तकं आणि कुठल्या आवृत्त्या, कुठली वर्षं, कुठली जास्तीची सामग्री आणि ती कुठे आहे, काय दिसलं आणि त्यातून कुठला 'का' उभा राहतो. शेवटी जे तुम्ही करणार नाही तेही दोन ओळींत लिहा, उदाहरणार्थ गिकुयू मूळ संहिता. हे पान समितीकडे नेण्याआधी मार्गदर्शकांना दाखवा आणि त्यांना एकच विनंती करा: जिथे अजून सैल वाटतं त्या शब्दाखाली रेघ मारा. रेघ बहुधा एखाद्या मोठ्या, देखण्या नामाखाली येईल. तो शब्द काढा, त्याजागी पुस्तकाचं नाव आणि साल घाला, आणि आराखडा पुन्हा जमा करा.